वजनाच्या रेषेत न दिसलेले रक्त : कोल्हापुरातील एका तेरा महिन्यांच्या मुलाचे प्रकरण

कोल्हापूर शहराच्या जुन्या पेठांपैकी एका पेठेत राहणाऱ्या तेरा महिन्यांच्या मुलाला त्याचे आजोबा, आजी आणि आई माझ्या दवाखान्यात घेऊन आले, ते त्याला 'फिट' येते म्हणून. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. आजार, आकडे आणि चुका मात्र जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत, कारण त्यातली एक चूक माझी स्वतःची आहे.

गेल्या दीड महिन्यात आठवड्यातून चार-पाच वेळा हा प्रकार होत होता. आत्याने मोबाइलवर त्याचे चित्रण केले होते आणि निदानाच्या दृष्टीने तेच सगळ्यांत उपयोगी ठरले. चित्रणात मुलाच्या हातातली चावी काढून घेतली जाते, तो एकदा जोरात रडतो आणि दुसऱ्या हुंदक्याला तोंड तसेच उघडे राहून आवाज बंद होतो. ओठ निळे पडत जातात, मान मागे जाते, अंग सैल पडते. पंधरा-वीस सेकंदांनी तो एक खोल श्वास घेतो, किंचित रडतो आणि आजीच्या खांद्यावर पेंगतो. पार्श्वभूमीला कुणीतरी कांदा फोडण्यासाठी ओरडत असते. घरच्यांनी तोवर कांदा हुंगवून झाला होता, तोंडावर पाणी मारून झाले होते, मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टही काढली होती. एका ठिकाणी मेंदूचा आलेख काढला गेला होता आणि तो पूर्णपणे सामान्य असतानाही फिटवरचे पातळ औषध सुरू झाले होते. तीन आठवड्यांत त्याने काही फरक पडला नव्हता.

अशा वेळी क्रम पाहावा लागतो. अपस्माराच्या झटक्यात बहुधा आधी शुद्ध जाते किंवा अंग ताठरते आणि निळेपणा नंतर येतो. तो झोपेतही येऊ शकतो आणि त्याला निमित्त लागत नाही. या मुलाच्या बाबतीत प्रत्येक वेळी निमित्त होते, प्रत्येक वेळी आधी रडणे होते, मग श्वास अडकणे, मग निळेपणा आणि शेवटी शुद्ध हरपणे. रडता रडता श्वास कोंडण्याचा हा प्रकार साधारणपणे सहा ते अठरा महिन्यांच्या वयात सुरू होतो आणि पाच वर्षांच्या आत बहुतेक मुलांमध्ये आपोआप थांबतो. तो दिसायला भयंकर असला तरी अपस्मार नव्हे. हृदयाच्या ठोक्यांमधला दोष निसटू नये म्हणून ईसीजी काढला, तोही व्यवस्थित होता.

असा श्वास कोंडणाऱ्या मुलांमध्ये शरीरातले लोह कमी असण्याचे प्रमाण बरेच आढळते आणि लोह दिल्यावर हे झटके कमी होतात, ही गोष्ट बालरोगशास्त्रात पुष्कळ काळापासून माहीत आहे. मज्जासंस्थेतले निरोप वाहणारी रसायने तयार होण्यासाठीही लोह लागते, रक्त तयार होण्यासाठी तर लागतेच. म्हणून मुलाचा तळवा आईच्या तळव्याशेजारी ठेवला. आईचा तळवाही फार लालसर नव्हता, पण मुलाचा तळवा त्यापुढे ओल्या कागदासारखा दिसत होता. खालची पापणी ओढून पाहिली, तिथेही लाली नव्हती. आजी म्हणाल्या, "गोरा हाय ओ तो, बापावर गेलाय." घरात सगळ्यांनी या पांढरेपणाला गोरेपणा समजून त्याचे कौतुक केले होते. मुलगा दिवसभर किरकिर करतो, भिंतीचे पापुद्रे काढून तोंडात घालतो आणि माठाला जीभ लावतो, हेही मग आजींनीच सांगितले. त्या सवयीला त्या खोडी म्हणत होत्या.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन ७.१ ग्रॅम आले. तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान ५६ होते, म्हणजे पेशी अगदीच लहान होत्या. शरीरातल्या लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन ४ होते, जे या वयात १२ च्या खाली गेले की साठा संपला असे धरतात. लहान पेशी थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांमध्येही दिसतात, त्यामुळे पेशींचे आकारमान आणि त्यांची संख्या यांचे गुणोत्तर पाहिले. ते १३ च्या वर असले की थॅलेसेमियापेक्षा लोहाच्या कमतरतेकडे बोट दाखवते; इथे १३.७ होते आणि फेरिटिनशी जुळत होते. निष्कर्ष लोहाच्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय असा निघाला. वजन मात्र १०.४ किलो होते, म्हणजे वयाच्या मानाने मधल्या रेषेच्या थोडे वरच.

दुधाचा हिशेब

"खातो काय?" या प्रश्नाला उत्तर आले, "खायची बोंब आहे, पण दूध भरपूर पितो, त्यामुळे तशी काळजी नाही." मी आईला कागद दिला आणि आदल्या दिवशीची एकेक बाटली वेळेसकट लिहायला सांगितली. पहाटे पाच, सकाळी साडेआठ, दुपारी बारा, चार, रात्री साडेआठ आणि मध्यरात्री एक अशा सहा बाटल्या निघाल्या, प्रत्येकी १८० मिलीच्या. ही बेरीज १,०८० मिली झाली. त्यात घरच्यांनी न मोजलेले आणखी थोडे होते. आजोबा रोज संध्याकाळी नातवाला कडेवर घेऊन गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जात, म्हशीची धार समोर काढून घेत आणि पेल्यावरचा कोमट फेस चमच्याने त्याला भरवत. ओठावर उरलेल्या पांढऱ्या मिशीसकट काढलेला नातवाचा फोटो त्यांच्या मोबाइलवर पहिलाच होता.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला यातले महत्त्व कदाचित चटकन कळणार नाही. तालमींच्या या शहरात दूध हा नुसता खाद्यपदार्थ नाही. आजोबांनी तरुणपणी लाल मातीत अंग घोळवले होते आणि बदाम-थंडाईच्या काळातली शिस्त ते अजून पाळत होते. त्यांच्या लेखी ज्या घरात नातवाला निरसे दूध मिळते ते घर आपले कर्तव्य पार पाडते. ही समजूत वेडगळ नाही; दुधात चांगली प्रथिने आहेत, कॅल्शियम आहे आणि मुलांच्या आहारात त्याला जागा आहे. अडचण त्याच्या मापाची आणि त्याने अडवलेल्या जागेची आहे.

म्हशीचे दूध दाट असते, शंभर मिलीत साधारण शंभर किलोकॅलरी देते. एक वर्षाच्या मुलाची दिवसभराची गरज हजार किलोकॅलरीच्या आसपास असते. म्हणजे सहा बाटल्यांमध्ये या मुलाची दिवसाची भूक पुरती भागून जात होती आणि आई वाटी घेऊन बसली की तो तोंड फिरवत होता, यात हट्ट कुठेच नव्हता. गाईच्या एक लिटर दुधात जेमतेम अर्धा मिलीग्रॅम लोह असते आणि त्यातलाही थोडासाच भाग शरीरात शोषला जातो. म्हशीच्या दुधाची गत फारशी वेगळी नाही. शिवाय दुधातले कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन सोबतच्या अन्नातले लोहही नीट शोषू देत नाहीत. तिसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते : पहिल्या वर्षात वरचे दूध, विशेषतः न तापवलेले, काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव घडवते. या मुलाच्या शौचाच्या तपासणीत असे छुपे रक्त सापडले. न तापवलेल्या दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेलोसिसचे जंतू येऊ शकतात हा धोका वेगळाच.

लोहाची शिल्लक मुळातही कमी असणार. पूर्ण दिवसांचे बाळ आईच्या पोटातून लोहाचा जो साठा घेऊन येते तो साधारण सहा महिने पुरतो. पण आई गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात स्वतःच ९.२ हिमोग्लोबिनवर होती आणि लोहाच्या गोळ्यांनी मळमळते म्हणून तिने त्या मधेच सोडल्या होत्या. जन्मानंतर नाळ कापण्यासाठी एक ते तीन मिनिटे थांबले तर बाळाला बरेच जास्तीचे रक्त मिळते. इथे तसे थांबले होते की नाही याची कागदांवर नोंद नव्हती. आई एका छोट्या कार्यालयात हिशेबाचे काम करते. प्रसूती रजा कायद्याने २६ आठवड्यांची असली तरी ती दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू होते आणि तिच्या कार्यालयात माणसे पाचच होती. त्यामुळे साडेतीन महिन्यांनी ती कामावर गेली, पाचव्या महिन्यात अंगावरचे दूध आटले आणि बाटली आली. आईच्या दुधातही लोह थोडेच असते, पण ते बाळाला कितीतरी चांगले पचते. बाटलीबरोबर हा आधारही सुटला.

उष्टावण सहाव्या महिन्यात थाटात झाले होते. पुढे वरण-भाताचे वरचे पाणी, दुधात कुस्करलेले बिस्कीट आणि रविवारी अळणी, म्हणजे तिखट न घातलेले मटणाचे पाणी, एवढाच त्याचा विस्तार राहिला. या अळणीबद्दल घरच्यांना मोठा विश्वास होता. "मटणाचं पाणी पाजतोय की आम्ही, रक्त कमी कसं होईल?" असे आजींनी विचारले. मटणातले लोह मांसाच्या तंतूंमध्ये असते, ते शिजवलेल्या पाण्यात फारच थोडे उतरते. पाणी मुलाला आणि फोडी मोठ्यांना, ही वाटणी उलट करण्याची गरज होती. दुधात गूळ घालण्यानेही काही साधत नव्हते. गुळातले लोह वनस्पतिजन्य आणि थोडे, त्यात दुधाची सोबत.

नऊ महिन्यांची भेट

हे मूल माझ्याकडे पहिल्यांदा येत नव्हते. गोवर-रुबेलाच्या लसीसाठी ते नऊ महिन्यांचे असताना आले होते. माझ्या नोंदीत वजन आहे, उंची आहे, डोक्याचा घेर आहे आणि शेवटी माझ्याच अक्षरात 'वाढ उत्तम' असे लिहिलेले आहे. त्या दिवशी त्याचा गाल धरून मी "छान गुटगुटीत आहे" असे म्हणालो होतो, हे आईला तंतोतंत आठवत होते. मला आठवत नव्हते. तळवा पाहिल्याची नोंद नाही, बाटल्या विचारल्याची नोंद नाही, लोहाचे औषध लिहिल्याची नोंद नाही. लस टोचण्याच्या दिवशी दवाखान्यात गर्दी असते हे खरे, पण तळवा पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही.

वजनाची रेषा पाहून समाधान मानण्याची सवय माझ्या एकट्याची नाही. कुपोषण म्हणजे हाडे दिसणारे मूल, हे चित्र डॉक्टरांच्या, अंगणवाडीच्या आणि घरच्यांच्याही डोक्यात इतके पक्के आहे की लठ्ठ गालांच्या मुलाचे रक्त तपासण्याचा विचार मनाला शिवत नाही. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला आणि आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण ५३.८ टक्के होते. इतक्या मोठ्या संख्येत खात्यापित्या घरांतली मुले नसतील असे मानणे भाबडेपणाचे आहे.

सरकारी योजनेत या वयासाठी सोय आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमानुसार सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा एक मिली पातळ औषध द्यायचे असते, ज्यात २० मिलीग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी भेट द्यावी, अशीही रचना आहे. या कुटुंबाला यातले काहीच मिळाले नाही. आजी म्हणाल्या, अंगणवाडी कोपऱ्यावरच आहे, पण आपल्यासारख्यांनी तिथे जायचे नसते. खासगी दवाखान्यात लसी वेळेवर झाल्या, त्यामुळे सरकारी यादीत हे मूल कधी आलेच नाही आणि खासगी डॉक्टरने, म्हणजे मी, ते औषध लिहिले नाही. दोन्ही बाजूंनी आपापले काम झाल्यासारखे वाटत राहिले.

उपचार आणि मध्येच आलेले अडथळे

पहिला निर्णय रक्त चढवायचे की नाही हा होता. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेले की मुलाला रुग्णालयात पाठवावे असा दंडक आहे आणि हे मूल त्या रेषेला टेकून उभे होते. आजोबा बाही सरसावून म्हणाले, "माझं काढा की रक्त, पोराला द्या." परंतु नाडी आणि श्वास यांवर ताण नव्हता, यकृत वाढलेले नव्हते, मूल खेळत होते, महिनोन्महिने हळूहळू कमी झालेल्या रक्ताशी शरीराने जुळवून घेतले होते. अशा अवस्थेत घाईने रक्त चढवल्यास हृदयावर उलट भार येऊ शकतो. घर दवाखान्यापासून दहा मिनिटांवर होते. म्हणून तोंडाने लोह द्यायचे ठरवले आणि धाप लागणे, पिणे सोडणे किंवा पायांवर सूज येणे यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठायचे, असे लिहून दिले. मात्रा दररोज किलोमागे ३ मिलीग्रॅम शुद्ध लोहाची, म्हणजे सुमारे ३१ मिलीग्रॅम, सकाळी उपाशीपोटी आणि पुढे तासभर दूध नाही. फिटचे औषध सुरू करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ते टप्प्याटप्प्याने बंद केले. झटका आला तर मुलाला कुशीवर निजवायचे, तोंडात बोट किंवा पाणी घालायचे नाही, हलवायचे नाही आणि शुद्धीवर आल्यावर काढून घेतलेली चावी परत द्यायची नाही, हेही सांगितले. शेवटची सूचना पाळणे घरच्यांना सर्वांत जड गेले.

दूध दिवसाला ४०० मिलीवर, तापवून आणि पेल्यातून, असे म्हटल्यावर आजोबा उठून उभे राहिले. "दूध तोडायचं म्हणताय? दूध कधी कुणाला बाधलंय का ओ?" मी आकडे सांगत राहिलो आणि ते ऐकत नव्हते. मग त्यांच्या जुन्या गोठ्याचा विषय निघाला आणि मी विचारले, की रेडकू किती दिवसांनी गवत धरते. "पंधरा दिवसांत तोंड लावायला लागतंय," असे ते सहज बोलून गेले आणि क्षणभर गप्प झाले. नुसत्या दुधावर ठेवलेल्या वासरांना रक्तक्षय होतो, ही पशुवैद्यकातली जुनी माहिती मी त्यावर जोडली. पण खरे तर तिची गरज उरली नव्हती. त्यांनी फक्त इतकेच विचारले, "मग कट्ट्यावर न्यायचं का नाही?" न्यायला माझी हरकत नव्हती, चमचा घरी ठेवायचा होता.

पहिल्या तीन-चार दिवसांत किरकिर कमी झाली. आठवड्याच्या तपासणीत नव्या तांबड्या पेशींचे प्रमाण वाढलेले दिसले, म्हणजे औषध लागू पडत होते. दहाव्या दिवशी मात्र शौचाचा रंग काळा झाला, औषध 'उष्ण पडले' असे शेजारणीने सांगितले आणि आजींनी ते परस्पर बंद केले. चार दिवस वाया गेले. काळा रंग लोहाचाच असतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवे होते. त्या वेळी झटक्यांच्या आणि दुधाच्या चर्चेत ते राहून गेले. औषध जिभेच्या मागे सोडावे, म्हणजे दातांवर डाग पडत नाहीत, हेही औषध पुन्हा सुरू करतानाच सांगितले.

दुसरा अडथळा वजनाचा आला. महिन्याने वजन १०.३ किलो भरले, शंभर ग्रॅमने कमी. "पोर वाळलं," म्हणून आजीच्या डोळ्यांत पाणी आले. त्याच दिवशीचे हिमोग्लोबिन ८.६ होते, महिन्यात किमान एक ग्रॅम वाढ अपेक्षित असते, इथे दीड ग्रॅम वाढले होते आणि शौचातले छुपे रक्तही थांबले होते. वजनाच्या काट्यावरचे शंभर ग्रॅम सगळ्यांना दिसत होते, रक्तातला दीड ग्रॅम फक्त कागदावर होता. मी पुन्हा तळवा आईच्या तळव्याशेजारी ठेवून दाखवला. त्याचा उपयोग कागदापेक्षा जास्त झाला.

खाण्यात बदल आईने आपल्या पद्धतीने केले. सकाळी कामावर जाण्यापूर्वी ती लोखंडी कढईत मुगाची डाळ आणि मेथी किंवा तांदळी मऊ शिजवून भातात कालवून ठेवी आणि भरवताना त्यावर लिंबू पिळी. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने भाजीतले लोह शोषायला मदत होते. बुधवारी आणि रविवारी तिखट घालण्याआधी मटणाच्या आणि काळजाच्या फोडी काढून पाट्यावर वाटून मुलाच्या भातात जात. रात्रीची बाटली सुटायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत गल्लीची झोप उडाली, असे आत्याने सांगितले. दुपारच्या चहात बुडवलेले बिस्कीट बंद करणे सोपे गेले, कारण ते कुणी देत असल्याचे कुणीच कबूल केले नव्हते.

श्वास कोंडण्याचे झटके दुसऱ्या महिन्यात आठवड्याला एकावर आले आणि तिसऱ्या महिन्यात दोनदाच झाले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ झाले. साठा भरून निघावा म्हणून त्यानंतरही दोन महिने औषध चालू ठेवले आणि मग ते आठवड्यातून दोनदा एक मिली या नेहमीच्या मात्रेवर आणले. पहिल्या दोन वर्षांतली लोहाची कमतरता शिकण्याच्या आणि वागण्याच्या क्षमतेवर परिणाम करू शकते आणि तो पुढे पूर्ण भरून येतोच असे नाही, त्यामुळे या मुलाच्या विकासाची तपासणी शाळेत जाईपर्यंत दर सहा महिन्यांनी करायचे ठरले आहे. आतापर्यंत चालणे आणि बोलणे वयाप्रमाणे आहे.

आईचेही हिमोग्लोबिन तपासले, ते ९.८ निघाले, आणि तिच्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्या घरात आल्यावर त्या कुलपात ठेवा असे दोनदा सांगितले, कारण मोठ्यांच्या लोहाच्या मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेततात आणि त्या दिसायला गोड गोळ्यांसारख्या असतात.

दीड वर्षाच्या लसीच्या वेळी सुई टोचल्यावर मुलाने तोंड उघडले आणि आवाज थांबला. आजी, आजोबा, परिचारिका आणि मी, चौघेही त्याच्या ओठांकडे पाहत उभे राहिलो. दोन सेकंदांनी त्याने असा टाहो फोडला, की बाहेर बसलेली मुलेही रडू लागली. कार्डावर वजन लिहिण्याच्या रकान्याशेजारी मी आता हाताने आणखी दोन रकाने आखतो, एक तळव्याचा आणि एक दिवसाच्या बाटल्यांचा. या मुलाच्या कार्डावर त्या दिवशी पहिल्यात 'लालसर' आणि दुसऱ्यात 'पेला, दोन वेळा' असे लिहिले.